कूलर बंद करा, मशीन लावायची आहे

मी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतो. बेअरिंग, बेल्ट, ऑइल सील, क्लच प्लेट यांच्यात दिवस काढणाऱ्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं, की जगात जे जे फिरतं ते ते आपल्याला कळतं. मला ते जरा लवकरच वाटायला लागलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी बायकोचा मिक्सर दुरुस्त केला, आणि तेव्हापासून तो चटणी भांड्यात कमी आणि भिंतीवर जास्त वाटू लागला. मग घड्याळ दुरुस्त केलं. ते चालू झालं खरं, पण आमच्या घरापुरती एक निराळीच वेळ दाखवायचं. तरी घरात काही बंद पडलं की मी बाह्या सरसावायचो, आणि बायको आधी मेन स्विचकडे धावायची.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराचा मे महिना असेल. गोंदियाला लागून फुलचूरला आम्ही तिघं राहायचो: मी, बायको आणि आई. बायको सरकारी दवाखान्यात नर्स. पांढरा ड्रेस रोज घालायचा आणि रोज धुवायचा. दवाखान्यातही दिवसभर हात धुणं चालूच. त्या उन्हाळ्यात तिच्या हातांनी संप पुकारला. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, तळवे सोलले, सोड्याच्या पाण्यात हात घातला की ती ओठ दाबून धरायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "घरचं धुणं आजपासून बंद. नाहीतर हे हात बरे होणार नाहीत."

आईला गुडघ्यांमुळे दगडाशी बसवत नव्हतं. धुणं माझ्याकडे आलं. मी ते मनापासून केलं, हीच खरी अडचण झाली. पांढऱ्याला नीळ लागते एवढं माहीत होतं, किती लागते ते नव्हतं. तिचे दोन ड्रेस आकाशी झाले. तिसरा मी माझ्या दुकानाच्या नव्या लाल फडक्यासोबत भिजवला, तो गुलाबी निघाला. दवाखान्यात एका म्हाताऱ्या पेशंटनं तिला विचारलं, "सिस्टर, तुमच्या पार्टीचा रंग बदलला का?" त्याच संध्याकाळी ती घरी येऊन म्हणाली, "अहो, मशीन घेऊ."

शनिवारी दिवस मावळताना मशीन आली. पूर्ण ऑटोमॅटिक, वरून झाकणाची. मशीनच्या दुकानाचा माणूस म्हणाला, "भैया, चलाके दिखा दूँ?" मी त्याला हसून वाटेला लावलं. म्हटलं, मी मशीनच्याच लाइनचा माणूस आहे. बायकोचा चेहरा पडलेला मला दिसला होता, पण मी तो उकाड्याच्या खात्यात टाकला.

आईनं मशीनभोवती एक चक्कर मारली. ती कामठ्याकडची, धानाच्या शेतीवर वाढलेली. तिच्या माहेरी बैलाचा एक नियम होता, आणि तो तिनं आयुष्यभर सगळ्या गोष्टींना लावला. बाजारातून आणलेला बैल दुसऱ्या दिवशी जुंपून पाहायचा. चालला तर घरचा. कामात बसला तर तो बसका बैल, त्याला दिवस मावळायच्या आत मालकाच्या दावणीला नेऊन बांधायचं. एक रात्र जास्त ठेवला की तो आपल्याच गळ्यात.

तिनं मशीनच्या पाठीवर थाप मारली. "पाठ तं चांगली आहे. उद्या जुंपून पाहाजो."

"आणि नाही चालली तर?" मी गमतीनं विचारलं.

"तं वापस. बसका बैल कोन ठेवते घरी?"

बायको घाईनं म्हणाली, "वापस कशाला, आई? बदलून दुसरी आणू ना."

"नाही माय. एक बसका निंगाला तं त्या साली आमचा बाप दुसरा घेत नोयता. दुसऱ्या साली पाहू."

आईचा शब्द आमच्या घरात कोणी ओलांडत नसे. ती ओरडायची नाही, नुसती ठरवायची. बायकोनं आपले दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मी छाती पुढे काढली. "अरे, चालणार कशी नाही?"

रविवारी तिला सुट्टी होती. नाश्ता आटोपून, मागच्या पडवीत आम्ही तिघं मशीनसमोर उभे राहिलो. आत तिचे नवे पांढरे ड्रेस टाकले, पावडर टाकली, झाकण लावलं. मी उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यासारखा हात पुढे केला आणि बटण दाबलं. एक लाल दिवा मिणमिणला आणि मिटला. पुन्हा दाबलं. दिव्यानं पुन्हा डोळा किलकिला केला आणि झोपला.

"काऊन रे, उठून नाही राहिली का?" आई म्हणाली.

"नवी आहे. लाजून राहिली असेल."

प्लग काढला, पुसला, फुंकला, घातला. काही नाही. मग माझ्या लक्षात आलं की पाण्याचा नळ बंदच आहे. मला इतका आनंद झाला की मी दोघींना पाच मिनिटं भाषण दिलं. पाणी नसेल तर मशीन चालू होत नसते, ती हुशार असते, माणसासारखी कोरड्यात काम करत नाही वगैरे. नळ उघडला, बटण दाबलं. दिवा मिणमिणला आणि मिटला.

"आता तं पानी आहे," आई म्हणाली.

मग झाकणाची पाळी. मला वाटलं झाकण नीट बसत नाही. दाबून पाहिलं, आपटून पाहिलं, शेवटी मी स्वतःच मशीनवर चढून बसलो आणि बायकोला म्हटलं, "आता दाब." तिनं दाबलं. मी वर, दिवा गुल.

"बैल बसला तं त्याच्यावर मानूस बसवत नाही, बापू," आई म्हणाली. "उतर खाली."

उतरलो, पण आता माझ्यातला स्पेअर पार्टवाला जागा झाला होता. बेल्ट. नक्की बेल्ट. मी पेचकस आणला आणि मशीन भिंतीपासून ओढली. मागच्या पत्र्याचा पहिला स्क्रू फिरवणार तोच बायकोनं माझं मनगट पकडलं, त्याच भेगाळलेल्या हातानं.

"काय करून राहिले तुम्ही? त्याच्यावर कंपनीचं सील आहे."

"बेल्ट पाहतो फक्त."

"मिक्सरचंही तुम्ही फक्त पाहणार होते."

तिनं पेचकस घेतला आणि आत जाऊन कुठंतरी लपवला. संध्याकाळी भाताला तांदूळ काढताना तो कोठीत सापडला. पण त्या घडीला मी नि:शस्त्र झालो होतो, आणि सूर्य डोक्यावर आला होता.

शेवटी दुकानाला फोन लावायचं ठरलं. आमचा कूलर म्हणजे पत्र्याच्या पेटीत कोंडलेलं वादळ होतं, तो चालू असताना फोनवर फक्त स्वतःचंच ऐकू यायचं. बायकोनं कूलर बंद केला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "भैया, दुकान में तो मक्खन जैसी चल रही थी. आप टेन्शन मत लो. शाम को हमारा टेम्पो उसी तरफ फ्रिज छोड़ने आ रहा है, उसी में चढ़ा दो." आणि त्यानं फोन ठेवूनही दिला.

"काय म्हनते?" आईनं विचारलं.

"संध्याकाळी टेम्पो येतो आहे. वापस न्यायला."

"दिवस मावळाच्या आत?"

"आत."

"मंग चांगलं आहे. कपडे काढून घे तिच्यातले." आई उठली आणि मशीन बांधायला दोर शोधू लागली.

बायको कपडे काढायला मशीनकडे गेली. झाकण उघडताना तिचा हात बटणाला लागला. आणि मशीन म्हणाली, टिंग.

पॅनलवर एक नाही, सगळे दिवे लागले होते. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. तेवढ्यात दोर शोधून घामाघूम झालेल्या आईनं कूलर चालू केला. दिवे गेले.

मी कूलर बंद केला. टिंग. चालू केला. गेले. बंद केला. टिंग. मी हे इतक्या वेळा केलं की बायकोनं मला बटणापासून ओढून दूर केलं.

पडवीत मोठ्या पिनचं सॉकेट एकच होतं, ते कूलरचं. मी त्यातच जोड-प्लग खोचून दोघांना एकाच बोर्डावर जुंपलं होतं. आणि मी वर पाहिलं. पडवीतला पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याची पाती मोजता येत होती. तो रोजच तसा फिरायचा. मे महिन्यात दुपारी व्होल्टेज आमच्याकडे आडवं होतं, आणि आम्हाला त्याची इतकी सवय होती की पंखा मंद झाला तर आम्ही विजेला नाही, उन्हाला नावं ठेवायचो. बल्ब पिवळा पडला तर म्हणायचो, मे महिना आहे. आमचा बल्ब, आमचा पंखा, आमची आई, सगळे अर्धपोटी काम करायला शिकलेले होते. ही नवी मशीन तेवढी शिकली नव्हती. तिला पोटभर लागत होतं, आणि ते नाही म्हणून ती उठत नव्हती.

"आई!" मी ओरडलो. "बैल बसका नाही! उपाशी आहे!"

आईनं दोर खाली ठेवला नाही. पण बांधलाही नाही.

कूलर बंद ठेवून मी मशीन लावली. पाणी भरायला लागलं. बायको झाकणाच्या काचेतून डोकावत होती. पाणी भरलं, मशीननं दम घेतला, आणि कपडे फिरवायची वेळ आली तशी 'हूं' करून पुन्हा निजली. तिची भूक आमचा एक कूलर बंद करून भागणारी नव्हती. गल्लीतल्या सगळ्या घरांची वीज एकाच खांबावरून यायची, आणि दुपारी बारा वाजता त्या सगळ्या घरांत कूलर घोंघावत होते.

मी चप्पल घातली.

"कुठं चालले?" बायकोनं विचारलं.

"गल्लीतले कूलर बंद करायला."

"मे महिन्यात? भर दुपारी? तुम्हाला लोक बांधतील."

शेजारी निवृत्त काका राहायचे. ते जंगल खात्यात होते, सारा जन्म जंगलाच्या नाक्यावर काढलेला. लुंगीवर, कूलरच्या तोंडाशी खाट टाकून पडले होते.

"काका, जरा वेळ कूलर बंद करा ना."

"कायले?"

"मशीन लावायची आहे."

"कोनती?"

"कपडे धुवायची."

काका कोपरावर उठले. "बाबू, जंगलात मी वाघ पाहिला, अस्वल पाहिलं. पन मे महिन्यात दुसऱ्याचा कूलर बंद कराले निंगालेला मानूस आज पयल्यांदा पाहून राहिलो."

समोरच्या भाभींनी दार अर्धंच उघडलं. त्यांना मी पूर्ण विज्ञान समजावलं, खांबापासून पंख्याच्या पात्यापर्यंत. त्या म्हणाल्या, "भैया, लू लग गई है आपको. नींबू-पानी पियो, और धूप में मत घूमो."

तिसऱ्या घरी कूलर माणसांसाठी नव्हताच, बकरीसाठी होता. मालक म्हणाला, "बंद करतो ना भाऊ. बकरी मेली तं तुमच्या घरी आनून ठेवतो."

मी परत फिरलो तेव्हा बायको गल्लीत येऊन उभी होती, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. ती माझ्याशी बोलली नाही, सरळ काकांच्या दारात गेली.

"काका, तुमचं बीपी कोण पाहते?"

"तू पाहतेस, बाई."

"दवाखान्यात नंबर न लावता गोळ्या कोण आणून देते?"

काका खाटेवरून उठले. तिनं फक्त हात पुढे केले, तळवे वर करून. काकांनी ते पाहिले, कूलरचं बटण बंद केलं आणि लुंगी सावरत म्हणाले, "चाल, मीही येतो. बाकीच्यायले मी सांगतो."

भाभींच्या दोन्ही पोरांना तिनंच इंजेक्शन दिलेलं होतं. तरी भाभी व्यवहाराच्या पक्क्या. "बंद तो कर दूँगी दीदी, पर मेरी दो चादर भी डाल दो." बायकोनं हो म्हटलं, आणि ती बातमी आमच्या आधी पुढच्या घरी पोहोचली. प्रत्येक दारात कूलरच्या बदल्यात काहीतरी निघालं: चादर, पडदा, सोफ्याचं कव्हर, एका घरून तर गोधडी. गोधडीला मी नाही म्हणालो, तेवढीच माझी हुशारी. बकरी मालकानं स्वतःहून कडुलिंबाखाली आणून बांधली. मघाशी मला वेडा ठरवणारी गल्ली आता बोचकी घेऊन माझ्या मागे चालत होती.

काका म्हणाले, बाकी सगळ्यांनी एकदमच बंद करायचे. त्यांनी जंगलातली जुनी शिट्टी काढली आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून वाजवली.

एकामागून एक घोंघाट थांबले. मे महिन्यातल्या भर दुपारी आमची गल्ली इतकी गप्प मी कधीच ऐकली नव्हती. चिमण्या ऐकू आल्या. बकरीचं रवंथ ऐकू आलं. पडवीतला पंखा एकाएकी असा पळायला लागला की दोरीवरचा टॉवेल उडाला.

"दाबा," बायको म्हणाली.

"तू दाब," मी म्हटलं. माझ्या हाताचा इतिहास चांगला नव्हता.

तिनं दाबलं. टिंग. मशीननं दम घेतला. सगळ्यांनीच घेतला. आणि आतले कपडे एकदा उजवीकडे गेले, थांबले, डावीकडे गेले, मग घुर्र करून फेर धरून फिरायला लागले.

"निंगाली हो गाडी!" काकांनी पुन्हा शिट्टी फुंकली. भाभींनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा भाषण द्यायला तोंड उघडलं, पण कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. सगळे काचेत पाहत होते.

खरी भीती नंतरची होती. मी लोकांना 'जरा वेळ' सांगितलं होतं, आणि मशीनला पाऊण-एक तास लागणार होता. मी दर थोड्या वेळानं गल्लीकडे कान लावायचो, कुठला कूलर सुरू होतो का. एकही झाला नाही, कारण घरी जाऊन तो सुरू करायला कोणी उरलंच नव्हतं. सगळी गल्ली आमच्या पडवीत होती. घाम निथळत होता, वर्तमानपत्रानं वारा घेत होते, आणि कोणी जागचं हलत नव्हतं. पाणी गेलं की म्हणायचे, "गेलं." भरलं की, "आलं." भाभी दर फेरीला विचारायच्या, "मेरी चादर का नंबर कब आएगा?" आई पाटावर बसली होती. मध्येच उठून तिनं मशीनच्या पाठीवर तळवा ठेवला, आणि थरथर अंगात जाईपर्यंत ठेवूनच होती.

"जोर आहे," ती म्हणाली, आणि हातातला दोर खुंटीला टांगून आली.

पिळायच्या वेळी मशीन अशी गरजली की बकरीनं दावं ताणलं. मग हळूहळू शांत झाली आणि तीनदा टिंग केलं. बायकोनं झाकण उघडून आपला ड्रेस काढला, दोन्ही हातांनी उजेडात धरला. साबणाचा थेंब नव्हता त्या हातांवर. ड्रेस पांढरा होता. आकाशी नाही, गुलाबी नाही. ती हसली, आणि मग तिनं त्या ओल्या ड्रेसमागं तोंड लपवलं.

भाभींच्या चादरी आत गेल्या आणि संध्याकाळचा टेम्पो दुपारीच आला.

ड्रायव्हर घामानं चिंब होता. पडवीतली गर्दी पाहून दारातच थबकला. त्याला वाटलं घरात काही वाईट झालं. आवाज खाली आणून त्यानं मला विचारलं, "भैया, कौन सी मशीन उठानी है?"

मी बोलायच्या आत आई पाटावरून उठली. "कोनती मशीन? इथून काही नाही जाऊन राहिलं. ते आमची आहे."

"सेठ ने बोला खराब है."

"तुह्या सेठले सांग, मशीन खराब नाही, लाइन खराब आहे."

"आणि उद्या सकाळी एक स्टॅबिलायझर पाठवायला सांग," मी म्हटलं, दुकानदाराच्याच थाटात. "चांगला. मोठा. मी मशीनच्याच लाइनचा माणूस आहे."

गल्ली हसली. बायकोही हसली, सगळ्यांपेक्षा जोरात.

ड्रायव्हरला तिनं पाणी दिलं. तो पाणी पीत काचेजवळ गेला आणि भाभींच्या चादरी फिरताना पाहत राहिला. दुसरा ग्लास पिऊन झाला तरी हलेना. मग खांद्यावरचा घामेजलेला गमछा काढून त्यानं जरा ओशाळत विचारलं, "माताजी, ये भी डाल दूँ क्या?"

"टाक ना, बापा," आई म्हणाली, आणि मशीन थांबवून स्वतःच्या हातानं झाकण उघडलं.

टेम्पो रिकामाच परत गेला. बाजूच्या आरशाला बांधलेला तो ओला गमछा लूच्या झळा खात फडफडत होता, आणि गल्लीचं वळण यायच्या आत वाळलाही असेल.